कापसाच्या खोलीतला तवा

मागच्या महिन्यात पुण्याहून एक पोरगा आणि एक पोरगी आमच्या गावात आले. गाडी पारापाशी लावून, मधुकररावांचं घर विचारत विचारत ते थेट माझ्या ओट्यावर आले. मधुकर म्हणजे माझा धाकटा चुलता, मधुकाका. त्याला मरून बरीच वर्षं झाली. पोरीच्या हातात पुठ्ठ्याचं चौकोनी पाकीट होतं आणि त्यात गाण्याची काळी तबकडी. आमच्याकडं पूर्वी तिला तवा म्हणायचे. काकानं तरुणपणी एकच तवा काढला होता, तो आता पुन्हा नव्यानं छापलाय, आणि जिथं तो तयार झाला त्या घराचे फोटो काढायला ही दोघं आली होती. पोरगा बोलायला गोड होता. "आजी, यातली सगळी वाद्यं त्यांनी एकट्यानं वाजवलीत," तो म्हणाला. "लोकांपासून दूर राहून, एकांतात." एकांत हा शब्द ऐकला आणि माझं डोकं तापलं. पण पाहुण्याला आधी चहा पिऊ द्यावा म्हणून आधण ठेवायला उठले. तो एकांत कसा तयार झाला हे मला ठाऊक आहे, कारण तो आम्ही तयार केला. माझा बाप, माझी माय, मी आणि माझे दोघं धाकटे भाऊ. पाच माणसांनी पाय न वाजवता चालायचं, म्हणजे एक माणूस एकटा राहू शकतो.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईपासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. घर मातीचं, वर माळवद. स्वयंपाकघर, एक मोठी खोली, ओसरी, आणि अंगणाच्या पलीकडच्या कडेला कापसाची खोली. वेचणी झाली की कापूस त्या खोलीत टाकायचा आणि विकायला न्यायच्या दिवसापर्यंत तिथंच ठेवायचा. वेचायला माय आणि मी जायचो. दिवसभर ओटीत कापूस भरून कंबर धरायची, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलायची. मी चौथी पास झाले आणि बापानं शाळा बंद केली, कारण वेचायला हात कमी पडत होते. मधुकाकाला मात्र औरंगाबादला कॉलेजात घातलं होतं. तिथून तो मुंबईला गेला, चार पोरांच्या टोळीत विजेवरची गिटार वाजवायला लागला, आणि एक दिवस त्या चौघांशी भांडून खांद्यापर्यंत केस वाढवून घरी आला. सोबत गिटार, भोंगा, पायानं दाबायच्या दोन डब्या आणि मोठाल्या चक्र्यांची दोन टेपयंत्रं. बैलगाडीतून यंत्रं उतरवताना तो बापाला म्हणाला, "आबा, जरा बराबर धरा, तोल गेला तर गेलं सगळं." माझ्या बापाला अख्खा गाव घाबरायचा. त्यानं ते यंत्र तान्ह्या लेकरासारखं धरलं. शिकलेल्या भावाचं त्याला फार कौतुक होतं.

काकानं घर फिरून पाहिलं आणि कापसाची खोली मागितली. तुळईपर्यंत तीन बाजूंनी कापूस रचलेला होता. त्यानं मधे उभं राहून टाळी वाजवली आणि हसला. "बघ," मला म्हणाला, "टाळी मेली का न्हाई?" खरंच, त्या खोलीत आवाज निघाल्या जागीच विरून जायचा. मुंबईत असली खोली करायला लोक भिंतींना काय काय लावतात, इथं ती आयती होती. म्हणून त्या वर्षी आमचा कापूस विकायला गेलाच नाही. शेजाऱ्यांचा गेला, आमचा काकाच्या आवाजासाठी तसाच राहिला. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि अंगाला सुटते खाज. काका आत बसून खाजवायचा, आणि माय त्याच्यासाठी रोज कडुलिंबाचा पाला घालून पाणी तापवायची. त्या तव्यावर एका गाण्यात खरखर ऐकू येते. पुण्याच्या पोरानं विचारलं, हे कुठलं लोकवाद्य असेल. मी म्हणाले, तो अंग खाजवतोय.

पहिल्या आठवड्यात नियम सुरू झाले. जातं ओढायचं नाही, त्याची घरघर जमिनीतून यंत्रात जाते. वीज नुकतीच घरात आली होती, पण गावात पिठाची गिरणी अजून नव्हती, म्हणून माय पहाटे टोपली डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या घरी दळायला जायची. बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढल्या. भावांना रडू आलं की मी उचलून ओढ्यापर्यंत न्यायची. कोंबडा वेळी-अवेळी आरवतो म्हणून कापला, आणि त्याचा रस्सा सगळ्यांत जास्त काकानंच ओरपला. जेवायला तो बाहेर येत नव्हता. माय ताट उंबऱ्यावर ठेवायची, दोन ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, आणि कडी न वाजवता मागं फिरायची. रिकामं ताट तो पायानं बाहेर सरकवायचा. गावातल्या बाया विचारायच्या, दीर काय करून राह्यला गं आत? माय म्हणायची, "पेटी वाजवून राह्यले." बायांना हसू यायचं. मायला यायचं नाही.

तरी एक सांगते. जे चांगलं ते चांगलंच म्हणावं. काढून ठेवलेल्या घंटा काकानं एकदा आत नेल्या, एक एक वाजवून टेपवर घेतल्या आणि चक्रीला बोट लावून टेप हळू केली. मला बोलावून ऐकवलं. आमच्याच बैलांच्या घंटा, पण लांब डोंगरात कुणी देऊळ उघडावं तसा आवाज. मी कितीतरी वेळ उभी होते. तो तुकडा तव्यावर आहे, आणि मागच्या महिन्यात ऐकला तेव्हाही मला आवडला. बाकी सगळा खिचडा आहे. एक गाणं माश्यांच्या मोहोळासारखं, एक भजनासारखं, एकात नुसता संबळ आणि मधेच काका इंग्रजीत कण्हतो. पोरगा म्हणाला, हाच त्याचा मोठेपणा, एकही गाणं दुसऱ्यासारखं नाही. असेल.

शेवंता मावशी आली ती याच दिवसांत. मायची पाठची बहीण, जाफराबादकडं दिलेली. नवरा मारायचा. या आधी दोनदा ती आली होती, दोन्ही वेळा चार दिवस ठेवून बापानं तिला परत पोचवली होती. या वेळी ती चालत आली. पायात काटा मोडून टाच सुजलेली, हातात लुगड्याचं गाठोडं. मायनं अंगणात बसवून सुईनं काटा काढला, वर बिब्बा लावला. मावशी म्हणाली, "अक्का, आता मी जात न्हाई. वेचायला येईन, शेण काढीन, पण जात न्हाई." मी जेवढं तिचं तोंड बघितलं, तेवढ्यावरून सांगते, ती नाटक करत नव्हती.

मायनं बापापुढं विषय काढला. बाप लगेच नाही म्हणाला नाही, हे मला नीट आठवतं. तो म्हणाला, "ठेवायची कुठं? मोठ्या खोलीत आपण पाच जण. एकाच खोलीत मेव्हणी अन् मी, लोक काय म्हणतील? कापसाची खोली मोकळी असती तर गोष्ट येगळी व्हती." माय उठली, अंगण ओलांडलं आणि पहिल्यांदाच त्या दाराची कडी वाजवली. मी तिच्या मागं होते. काकानं दार एवढंसं उघडलं.

"भावजी," माय म्हणाली, "शेवंताला चार महिने जागा पाहिजे. तुम्ही तेवढे दिवस देवळाच्या ओवरीत बसा. तिथंबी शांत हाय."

"वैनी, आत्ता न्हाई जमायचं."

"तुमची यंत्रं आम्ही डोक्यावर नेऊन देतो."

"यंत्राचं न्हाई वैनी. खोलीत आवाज बसलाय आता. हलवलं की गेला. मंग सगळं पयल्यापासून."

"ती मरंल, भावजी."

काका म्हणाला, "असं कुणी मरतं व्हय," आणि दार लावून घेतलं. बाप ओसरीवर बसून सगळं ऐकत होता. तो उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. त्याला म्हणायचं असतं तर एक शब्द पुरला असता. तिसऱ्या दिवशी सकाळी मायनं मावशीला हळदकुंकू लावलं, भाकरी बांधून दिली आणि वाटेला लावलं. मावशी वळून वळून बघायला लागली तेव्हा मायनं घरात येऊन दार लावलं. दिवसा आमच्या घराचं दार कधी लागत नसे. त्या दिवशी लागलं.

पंधरा दिवस झाले नसतील, सकाळच्या जेवणाच्या वेळी जाफराबादकडून माणूस आला. शेवंता विहिरीत पडली, म्हणाला. पडली असंच म्हणतात.

आता आमच्याकडची रीत सांगते, कारण पुण्याच्या दोघांना ती माहीत नव्हती आणि पुढचं सगळं तिच्यावर आहे. मेल्या माणसासाठी बाई हेल काढून रडते तेव्हा ती सुरात बोलते, आणि तिला जे वाटेल ते बोलायची मोकळीक असते. सासूचं काढावं, नवऱ्याचं काढावं, स्वतःचं काढावं. ऐकायला फक्त बाया. बाप्ये उठून पारावर जाऊन बसतात. आणि रडण्यात बोललेलं कुणी पुढं काढत नाही. त्याला उत्तर द्यायचं नाही, त्यावरून भांडायचं नाही, दुसऱ्यांदा ते म्हणायचंही नाही. वर्षभर जिला तोंड उघडता येत नाही तिला तेवढी एक जागा ठेवलेली होती. ती शहाण्या बायांनी ठेवली असणार.

माय अंगणात बसली, पदर तोंडावर घेतला आणि तिनं हेल काढला. गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. बाप पारावर गेला. माय गळ्यानं फार चांगली होती, जात्यावर ती गायला लागली की शेजारच्या बाया हात थांबवायच्या. त्या दिवशी ती म्हणाली, शेवंते, तुझ्या पायाचा काटा मी काढला गं बाई, आणि त्याच पायानं तुला माघारी धाडली गं बाई. आणखी पुष्कळ बोलली. एका ओळीत तिनं त्या खोलीचं नाव घेतलं. ती ओळ पुढं येईल. मी मायला पाणी द्यायला उठले तेव्हा मला दिसलं, कापसाच्या खोलीच्या झरोक्यातून काळी वायर बाहेर लोंबत होती आणि तिच्या टोकाला तो आवाज धरायचा दांडा. मी पाहिलं आणि बोलले नाही. त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे आमच्या अंगात इतकं भिनलं होतं.

मावशीचा दहावा करून आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी माय भाकरी थापत होती, बाप ओसरीवर दोरी वळत होता, आणि अंगणापलीकडून मायचा आवाज आला. माय माझ्यासमोर होती आणि तिचा आवाज तिकडून येत होता. शेवंते, तुझ्या पायाचा काटा. परातीत तिचा हात थांबला. तिचं तोंड जसं झालं तसं मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही, आणि मी बरीच मरणं पाहिली आहेत. बापानं सगळं ऐकलं, त्या खोलीच्या ओळीसकट. तो उठून चुलीपाशी आला. म्हणाला, "माझ्या अंगणात बसून मला अन् माझ्या भावाला नावं ठेवतीस?" तव्यावरची भाकरी करपत होती. त्यानं ती उचलून राखेत फेकली. पुढं होळीपर्यंत त्यानं मायच्या हातचं खाल्लं नाही, मला करायला लावायचा. रडण्यातल्या बोलाला उत्तर देणारा आमच्या गावातला तो पहिला बाप्या असेल. एरवी त्यालाही ती रीत मोडायचं धाडस झालं नसतं. यंत्रानं मोडून दिली.

माय तशीच, पिठाच्या हातानं, काकाच्या दारात गेली, मी मागोमाग. "बंद करा, भावजी."

काकाचे डोळे भरलेले होते. मला तेव्हा वाटलं, मावशीसाठी. तो म्हणाला, "वैनी, असा सूर अख्ख्या मुंबईत कुणाकडं न्हाई. तुम्हाला कळत न्हाई तुम्ही काय गायलात."

"गायले न्हाई. पुसा ते."

"वैनी..."

"पुसा. न्हाई तर मी ही खोली पेटवते. कापूसच हाय."

ती पेटवणार, हे त्यालाही दिसलं. त्यानं मला जवळ ओढलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो वैनी, आज पुसतो. राहिलं तर हिचं वाईट होवो." तारा दाबून दाबून त्याची बोटं कडक झालेली होती, ती मला केसांतून टोचली. माय माझ्याकडं पाहून परत फिरली. पोरीच्या डोक्यावरची शपथ खोटी असेल, हे तिच्या मनात आलं नाही. पण त्या दिवसापासून ती गायची बंद झाली. काका महिनाभरानं यंत्रं घेऊन निघून गेला, घरातलं जातं पुन्हा सुरू झालं, माय दळायची, पण मुकी. मरेपर्यंत मुकीच दळली.

वर्ष-दीड वर्षानं टपालानं पुठ्ठ्याचं पाकीट आलं. आत तवा, वर काकाचा फोटो. बापानं तो गावभर दाखवला. वाजवायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं, गावातही कुणाकडं नव्हतं. काही दिवस फडताळात राहिला. मग मायनं काढून रांजणावर झाकण म्हणून ठेवला, मधल्या भोकात चिंधी कोंबली. माप बरोबर बसलं. माय गेली तरी तो रांजणावरच होता. नवरा वारल्यावर मी माहेरच्या घरात राहायला आले, भाऊ दोघंही शहरात, तेव्हाही मी तो तसाच ठेवला. पुण्याच्या पोरीला पाणी द्यायला गेले तर ती रांजणाकडं बघून उभीच राहिली. "आजी, हा पहिल्या छपाईचा आहे," म्हणाली. मी म्हणाले, "असू दे. पाण्यात माश्या पडत न्हाईत."

मग त्यांनी मोबाइलवर सगळा तवा वाजवून दाखवला. शेवटच्या गाण्याआधी पोरगा सावरून बसला. या गाण्याचं नाव 'दार', यासाठीच लोक हा तवा शोधतात, म्हणाला. आणि माझी माय रडायला लागली. माझ्या ओट्यावर, भर दुपारी, पन्नास वर्षांनी. पाकिटावर लिहिलं होतं, पारंपरिक. पुसलं नव्हतं. माझ्या डोक्यावरचा हात खोटा होता. माझं वाईट झालं नाही, नवरा बरा होता, लेकरं जगली, शपथेबिपथेला मी मानत नाही. पण त्यानं मला पणाला लावलं होतं ते एका गाण्यासाठी, हे कळल्यावर मी हातातली कपबशी खाली ठेवली.

तरीही तेवढ्यानं मी हे लिहायला बसले नसते. मी पोराला म्हणाले, पुन्हा लाव. त्यानं लावलं. म्हणाले, अजून एकदा. इतकी वर्षं मी काकाला एक माफी देऊन ठेवली होती. वाटायचं, तो वेडा, त्याला सूर ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाहीत. काय बोलली ते त्याला कळलंच नसेल. तिसऱ्यांदा ऐकल्यावर ती माफी मी परत घेतली. माय नुसती रडते, मागं काही वाजत नाही. काट्याची ओळ स्वच्छ आहे. मग ती खोलीच्या ओळीकडं वळते, आणि बरोबर तिथंच गिटार येते, छातीत धडकी भरेल अशी, आणि सगळं झाकून टाकते. तिचा एक शब्द कानावर येत नाही. आणि ओळीचे शेवटचे तीन शब्द उरले की गिटार बंद. एकदम शांत. त्यात मायचा आवाज, "मी दार लावलं". तेवढंच. ते त्यानं यंत्रातून घुमवून घुमवून सहा वेळा परत आणलंय. मी दार लावलं, मी दार लावलं.

"इथं अंगावर काटा येतो," पोरगा म्हणाला. "ती गिटार अशी अचानक येते ना, समीक्षक म्हणतात, दुःखाला शब्द पुरत नाहीत म्हणून."

"शब्द पुरत व्हते," मी म्हणाले. "तिथं त्याच्यावर बोल हाय. माझ्या बापावर हाय. ते झाकलं, अन् मायचं तेवढं उघडं ठेवलं."

पोरगी बिचारी चांगली होती. तिनं वही काढली. "आजी, पाकिटावर पारंपरिक लिहिलंय ते काढून आईंचं नाव घालायचं का? मी सांगून बघते."

"नाव नको. नावाखाली तिनंच दार लावलं असं होईल. ओळ घाला. पुरी."

मी सांगितली, तिनं लिहून घेतली, वाचून दाखवली, बरोबर होती. ते छापतील की नाही हे मला माहीत नाही. पोरगा जाताना जरा उतरल्या तोंडानंच गेला, त्याचं आवडतं गाणं मी नासवलं. नासू दे. रडण्यातलं पुढं काढू नये, ही रीत मी पन्नास वर्षं पाळली, नवऱ्याजवळसुद्धा बोलले नाही. ती आधी काकानं मोडली आणि अर्धीच मोडली, स्वतःपुरती शिल्लक ठेवून. मग उरलेली अर्धी मी मोडते. त्या दिवशी अंगणात, पदर तोंडावर घेऊन, माझी माय असं म्हणाली होती:

कापसाला खोली मिळाली गं बाई, यंत्राला खोली मिळाली, माझ्या शेवंताला न्हाई मिळाली. दिरानं न्हाई म्हणलं गं बाई, धनी गप बसला, अन् मंग मी दार लावलं.